दोन बोटं समास

पाटोळे सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. हेडसरांच्या टेबलावरून माझा रुजू अहवाल उचलला, कागदाच्या डाव्या कडेवर स्वतःची दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, समास सोडलेला नाही."

पाथर्डीहून जीपच्या मागच्या बाकावर, तिघींच्या जागेत पाचवी म्हणून बसून मी त्या शाळेत पोचले होते. केसांत धूळ, मांडीवर कुणाची तरी पिशवी, आणि वर हे. माझी समजूत झाली की हा उंच, वाळका, बुशशर्टाच्या खिशात चार रंगांची पेनं लावलेला माणूस संस्थेचा कुणीतरी मोठा पदाधिकारी असावा. चौकशी केल्यावर कळलं की समाजशास्त्राचे सहशिक्षक आहेत. हेडसर मात्र अगदी नम्रपणे म्हणाले, "परत लिहून द्या मॅडम, ते काही ऐकायचे नाहीत." मी परत लिहून दिला. अशा रीतीने विज्ञान शिक्षिका म्हणून माझी कारकीर्द शुद्धलेखनाच्या शिक्षेने सुरू झाली.

आईवडिलांनी त्यांचं नाव शांतवन ठेवलं होतं. त्या नावाचा अनुभव शाळेत कुणालाही आल्याचं ऐकिवात नाही. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र हे त्यांचे विषय. पण ते खरं शिकवायचे वही. दुसऱ्या शाळांत पोरं लढाया पाठ करतात, नद्या पाठ करतात. आमच्याकडे पोरं अनुक्रमणिका पाठ करायची. अनुक्रमांक, दिनांक, पाठाचं नाव, पान क्रमांक, शेरा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

आणि वही म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी शिवलेली वही नव्हे. सुटे आखीव फुलस्केप कागद, त्यांना पंचने दोन भोकं, त्यांतून ओवलेला टॅग. इतिहास कुठे संपला आणि भूगोल कुठे सुरू झाला हे कळावं म्हणून मध्ये जाड कागद हवा. तो विकत घ्यायला सरांची परवानगी नव्हती, म्हणून पोरं जुन्या लग्नपत्रिका लावायची. त्यामुळे स्वातंत्र्यलढा संपला की कुणातरी चि. आणि सौ. कां. यांचा शुभविवाह लागायचा, आणि जेवणाची वेळ वाचून झाली की मग हवामान. प्रश्न काळ्या पेनाने, उत्तर निळ्याने. हिरवा रंग हेडसरांचा. लाल रंग फक्त सरांचा. एकदा आठवीतल्या एका मुलीने हौसेने मथळा लाल पेनाने रंगवला, तर सरांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने सातबाऱ्यावर परस्पर नाव चढवलं होतं.

पण या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे समास. डावीकडे दोन बोटं. सुरुवातीला यावरून बराच गोंधळ व्हायचा, कारण पाचवीतल्या पोराची दोन बोटं आणि दहावीतल्या पोराची दोन बोटं यांत फरक असतो. सरांनी निकाल दिला की बोटं माझी. मग पोरांनी पुठ्ठ्याची एक पट्टी सरांच्या बोटांच्या मापाने कापून घेतली, आणि काही वर्षांत ती गावातल्या किराणा दुकानात पेन्सिलीशेजारी विकायला आली. तिला 'सरांची पट्टी' म्हणायचे. जगात लांबी मोजायची जी काही प्रमाणित मापं आहेत ती मी विज्ञानाच्या तासाला शिकवायचे. गावात चालायचं हे एकच.

"मॅडम," ते मला म्हणायचे, "सगळं पान भरून टाकलं तर दुरुस्ती कुठं करायची? समास ही चुकणाऱ्याची सोय आहे." हे वाक्य ते इतक्या गांभीर्याने म्हणायचे की पुढे बोलायची सोय राहायची नाही. तपासणीला आलेल्या साहेबांच्या शेऱ्याखाली तारीख नव्हती, तेव्हा त्यांनी साहेबांनाही जीपपाशी गाठून कागद पुढे केला होता. रविवारी ते गावातल्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचे, आणि पाळकसाहेबांना प्रवचनाच्या टिपणांचा कागद सरांच्या बाजूने दिसणार नाही असा धरायची सवय लागली होती. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा सरकारी पाट्या बदलायच्या आत आमच्या सगळ्या वर्गांच्या वह्यांची पहिली पानं अहिल्यानगर लिहून बदलली गेली होती. राजपत्र बहुधा सरांकडेच आधी आलं असावं.

आता एवढी टापटीप कुठे चालली होती, तर अशा शाळेत जिथे दिवाळी झाली की वर्ग अर्धा होतो. आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला जातात. ट्रकमध्ये भांडी, सरपण, शेळी आणि पोरं चढतात, आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर उतरतात. बाकी आम्ही शिक्षक या गोष्टीचा फार विचार करायचो नाही. हजेरीपटावर काय करायचं याच्या युक्त्या ठरलेल्या होत्या. माझ्या विषयात पोर परत आलं की दोन प्रयोग तोंडी सांगायचे आणि पुढे ढकलायचं, ही सर्वमान्य पद्धत होती.

सरांना हे मान्य नव्हतं, कारण त्यामुळे वहीत खंड पडायचा. पोरांचं नुकसान वगैरे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. त्यांचं दुःख पान क्रमांकांचं होतं. मग त्यांनी उपाय काढला तो कार्बन पेपरचा. गावात राहणाऱ्या प्रत्येक पोराला एका जाणाऱ्याची जोडी लावून द्यायची. राहणाऱ्याने दोन कागदांमध्ये कार्बन घालून दाबून लिहायचं; वरचं पान स्वतःचं, खालचं जोडीदाराचं. सुटे कागद आणि टॅग हा सगळा खटाटोप याचसाठी होता, म्हणजे मागून आलेली पानं आपापल्या जागी ओवता येतील. हजेरी घेताना कुणी म्हणालं की अमुक गैरहजर आहे, तर सर दुरुस्त करायचे. "गैरहजर नाही. रजेवर आहे. त्याचं पान चालू आहे."

या काळात कार्बन पेपर मिळतो कुठे? पाथर्डीत एका दुकानदाराने फक्त सरांसाठी साठा ठेवला होता. सर पेटी मागायचे तेव्हा तो तिच्यावरची धूळ फुंकायचा. मी सुचवलं की सगळ्यांकडे मोबाईल आहेत, पानाचा फोटो काढा आणि पाठवून द्या. सरांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाले, "फोटोला समास नसतो, मॅडम." मी चहा घेतला.

त्या वर्षी, म्हणजे सरांच्या निवृत्तीच्या वर्षी, दहावीत अश्विनी होती. हुशार म्हणण्यापेक्षा चिवट. तिचे वडील आश्रुबा दिवाळीनंतर तिला सोबत घेऊन गेले, आणि जाताना हेडसरांना सांगून गेले की परीक्षेचं काही खरं नाही. हेडसरांनी ते लगेच मान्य केलं. एखाद्या गोष्टीचं काही खरं नाही हे मान्य करण्यात त्यांचा हातखंडा होता. परीक्षा मार्चमध्ये, कारखान्याचा हंगाम त्याच्याही पुढे चालणार. शिक्षकखोलीत सगळ्यांचं एकमत होतं की ही पोरगी आता गेली. एकटे पाटोळे सर तिच्या नावाचं पाकीट तयार करत बसले होते.

अश्विनीच्या घरच्यांची ऊसतोडीची टोळी श्रीगोंद्याकडे, काष्टीच्या आसपास उतरली होती. आणि माझं माहेर काष्टीचं. हे सरांना कसं कळलं देव जाणे, पण कळलं आणि माझ्या शनिवार-रविवारची वाट लागली. सकाळची शाळा सुटली की मी माहेरी निघायच्या आत ते पाकीट घेऊन फाटकाशी हजर. पाकिटावर पाठाचं नाव, पान क्रमांक, आणि अर्थातच समास. काष्टीच्या बाजाराला टोळीतली माणसं आठवड्याचं सामान भरायला यायची. तिथे बैल, बोकड, कांदे आणि लिलावाच्या आरोळ्या यांच्यामधून मी, एक पदवीधर शिक्षिका, आश्रुबांना शोधत फिरायचे.

आश्रुबा पाकीट घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि तेच तेच सांगायचे. "म्याडम, पोरगी लई हुशार हाय, मला का कळत न्हाई? पन तिची आई अन् मी ऊस तोडतो, मोळ्या ती उचलती. ती परीक्षेला गेली तर मोळ्या कोन उचलील?" मी पाकीट देऊन भेळ घ्यायचे आणि घरी जायचे.

इकडे अश्विनीची जोडीदार होती कोमल, बागायतदाराची लेक. तिची आई एक दिवस शाळेत आली. म्हणाली की आमच्या पोरीच्या बोटाला घट्टा पडला, आन् ती दुसऱ्याच्या पोरीचा अभ्यास का म्हणून करती? सर शांतपणे म्हणाले, "काकू, कष्ट तेवढेच आहेत. फक्त जोर जरा जास्त." काकूंना यात खोट सापडेना, म्हणून त्या अधिकच चिडून गेल्या. कोमल मात्र लिहीत राहिली, आणि चिडूनच एक आठवडा तिने कार्बन उलटा घातला.

मुद्दाम नव्हे. रागात माणसाचं लक्ष राहत नाही एवढंच. कार्बनची शाईची बाजू वर राहिली, त्यामुळे सगळं लिखाण तिच्याच पानाच्या पाठीवर उलट्या अक्षरांत उमटलं आणि खालचे अश्विनीचे कागद कोरेच्या कोरे राहिले. एरवी सर एकेक पान बघून पाकिटात घालायचे. पण त्या आठवड्यात देशाची लोकशाही त्यांच्या खांद्यावर होती. मतदारयाद्यांच्या कामाला त्यांना वाड्या-वस्त्या हिंडायला पाठवलं होतं. पाकीट वर्गानेच बांधलं. मी ते कोरं पाकीट इमाने इतबारे काष्टीला पोचवून आले.

पुढल्या आठवड्यात कोमलची पानं तपासताना सरांना पाठीमागची उलटी अक्षरं दिसली. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. चहा आला तो तसाच गार झाला. हेडसर दिलासा देत म्हणाले, "एवढं काय सर, कोरे कागद चुलीला तरी होतील." सर म्हणाले, "मी तपासलं नाही." दिवसभर एवढंच. त्या माणसाची मी इतकी थट्टा केली होती, पण त्या दिवशी मी त्यांच्यासाठी दुसरा चहा सांगितला. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल जरा आश्चर्यही.

त्या शनिवारी बाजारात अश्विनी स्वतः आली होती. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. तिने ओढणीत गुंडाळलेलं पाकीट माझ्या हातात दिलं. "सरांनी कोरे कागद दिल्ते. पाकिटावर पाठाचं नाव हुतं, समास मारल्याला हुता. मंजी मीच लिवायचं आसंल म्हनून मी लिवलं. बराबर हाय का तेवढं बघाया सांगा."

परतीच्या एसटीत मी ती पानं वाचली. भूगोलाचा पाठ होता, भारत आणि ब्राझील यांच्यातल्या व्यवसायांचा. उत्तरं पुस्तकावरूनच काढली होती, प्रश्न काळा, उत्तर निळं, पान क्रमांक चोख. फक्त शेवटच्या पानावर, समासात, जिथे लिहायची कुणाची छाती नव्हती तिथे, बारीक अक्षरांत एक ओळ होती. ब्राझीलमध्ये पण ऊस फार आहे असं पुस्तकात दिलं आहे, तर तिथे ऊस तोडणाऱ्यांच्या मुली दहावीला कशा बसतात?

सोमवारी सरांनी ते पान वाचलं. आधी लाल पेन काढून अर्धा गुण कापला आणि लिहिलं, 'समासात लिहिले.' मग पेन हातात धरूनच चौकशी सुरू केली. मला विचारलं, मॅडम, तुम्हाला माहीत आहे का? मी म्हटलं, ब्राझील माझ्या विषयात येत नाही. हेडसरांना विचारलं, त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. तालुक्याच्या बैठकीत त्यांनी हा प्रश्न उभं राहून विचारला म्हणे, आणि साहेबांनी तो विषयपत्रिकेवर नसल्याचं सांगितलं. शेवटी त्यांनी प्रश्नाखाली लाल शाईने लिहिलं, 'प्रश्न योग्य. उत्तर शोधतो.' आणि खाली तारीख.

पुढच्या शनिवारी ते माझ्याबरोबर काष्टीला निघाले. इस्त्रीचा शर्ट, हातात पाकीट, खिशात चारही पेनं. बाजारात आश्रुबा भेटले आणि त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, मोळ्या कोण उचलील? सरांनी पाकिटातून एक पान काढलं. पानाच्या तळाशी त्यांनी आधीच लिहून आणलं होतं की पाल्यास परीक्षेस पाठवीत आहे, आणि त्याखाली पालकाच्या सहीची जागा. ते म्हणाले, "रविवारी मी येतो. परीक्षेपर्यंतचे सगळे रविवार. जेवढ्या मोळ्या पुढे पडायच्या त्या आधीच उचलून देतो. तुम्ही इथं सही करा."

आजूबाजूचे लोक हसले. मीसुद्धा हसले, कारण या माणसाला मी खडूचा खोका दोन हातांनी उचलताना पाहिलं होतं. आश्रुबा हसले नाहीत. त्यांनी सरांच्या हातांकडे पाहिलं, लाल शाई लागलेल्या त्या दोन बोटांकडे. म्हणाले, "सर, मोळी ऱ्हाऊ द्या, तुमच्यानं गुरांच्या वाढ्याची पेंढी बी उचलायची न्हाई." आणि वाकडीतिकडी सही केली. समास सोडून केली, हे सरांनी मला वाटेत दोनदा सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी चर्च चुकवून सर खरोखर उसाच्या फडात गेले. पाळकसाहेबांना तो रविवार मोकळा गेला असणार. दुपारपर्यंत त्यांनी काय केलं याबद्दल दोन मतं आहेत. सरांच्या मते त्यांनी मोळ्या उचलल्या, टोळीच्या मुकादमाच्या मते त्यांनी काम थांबवलं. दुपारनंतर मुकादमाने हात जोडले आणि त्यांना मोटरसायकलवर माझ्या माहेरी आणून सोडलं. बसता येईना म्हणून ते माझ्या आईच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवले. पुढे महिनाभर कमरेला पट्टा होता. बाकीच्या रविवारी आश्रुबांनी त्यांना फडात यायला साफ मनाई केली.

हॉल तिकीट वाटायच्या दिवशी सगळी पोरं आली, अश्विनी आली नाही. शिक्षकखोलीने निकाल जाहीर करून टाकला. सर पट्टा बांधून फाटकाशी उभे राहिले, सावलीही नव्हती तिथे. दुपार टळल्यावर पाथर्डीची जीप आली आणि अश्विनी खाली उतरली, हातात खताच्या गोणीत गुंडाळलेली वही. मला वाटलं आता तरी हा माणूस काही गोड बोलेल. सर म्हणाले, "वही?"

तिने दिली. जीपवाला हॉर्न वाजवत होता, आणि सर तिथेच रस्त्यात उभे राहून एकेक पान उलटत होते. अनुक्रमणिका पाहिली. लग्नपत्रिका पाहिली. एका पानावर दोन बोटं ठेवून बघितली. मग वही मिटून म्हणाले, "ठीक आहे. जा, हॉल तिकीट घे." आणि पाठ फिरवून चष्मा पुसायला लागले. मला त्यांचा संताप आला होता आणि रडूही येत होतं.

अश्विनी पास झाली. अंतर्गत गुणांत सरांनी तिचा तो अर्धा गुण कापलेलाच ठेवला होता. पण पोर्टलवर अर्धा गुण भरायची सोय नव्हती, म्हणून तिला पूर्ण मिळाले. सरांना ही शासनाची ढिलाई वाटली. निवृत्तीला त्यांना शाल, श्रीफळ आणि एक मानपत्र मिळालं. मानपत्र कडेपासून कडेपर्यंत छापलेलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, डाव्या बाजूला बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मातीला गाव लोटला होता. अश्विनी आता पाथर्डीला बारावीत आहे, ती आली होती, फड सोडून आश्रुबाही आले होते. अश्विनी म्हणाली, "सरांनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलंच न्हाई, म्याडम." मी काही बोलायच्या आत आश्रुबा बोलले. "त्या दिशी फडात धा मोळ्या बी उचलल्या न्हाईत त्यांनी. पन उचलल्या तेवढ्या एका वळीत लावल्या. मधी दोन-दोन बोटं जागा सोडून." एवढं बोलून त्यांनी टोपी काढली आणि तोंडावर धरली.

सरांची जागा भरलेली नाही. भरेल असं शासन म्हणतं. तोवर समाजशास्त्र माझ्याकडे आहे, कारण विज्ञानवाल्याला सगळंच येतं अशी हेडसरांची श्रद्धा आहे. यंदा दिवाळी झाली, ट्रक गेले, वर्ग अर्धा झाला. मी पाथर्डीच्या त्या दुकानात जाऊन कार्बन पेपर मागितला. दुकानदाराने पेटी काढली, धूळ फुंकली आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "हे तर पाटोळे सर न्यायचे. सर गेले ना?"

मी म्हटलं, "रजेवर आहेत. पान चालू आहे."